पांढऱ्या खांबांमागची नावे

१५ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या व्हाइट कॅसल गावाजवळ, नॉटोवे नावाचा एक वाडा जळून खाक झाला. क्षेत्रफळ ५३,००० चौरस फूट, ६४ खोल्या, १६५ दारे आणि २०० खिडक्या. म्हणजे वर्षाच्या एकेका दिवसाला एक उघडझाप. यादवी युद्धाच्या आधी बांधलेल्या आणि आजवर टिकून राहिलेल्या दक्षिणेतल्या वाड्यांत तो सर्वांत मोठा. १८५९ साली तो बांधून पुरा झाला. मालक जॉन हॅम्पडेन रँडॉल्फ हा उसाचा मळेवाला, आणि १८६० च्या जनगणनेत त्याच्या नावावर १५५ गुलामांची नोंद आहे.

बातमी पसरली तशा समाजमाध्यमांवर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटल्या. नॉटोवे अलीकडे हॉटेल आणि लग्नकार्याचे ठिकाण म्हणून चालत असे, त्यामुळे तिथे लग्न झालेली मंडळी हळहळली. दुसरीकडे अनेकांनी, त्यांत कृष्णवर्णीय अमेरिकन पुष्कळ, जळत्या वाड्याची चित्रे उघड आनंदाने एकमेकांना धाडली. तिसरी, कमी आवाजातली प्रतिक्रिया काही इतिहासकारांची होती. तो वाडा ज्यांनी उभा केला त्यांच्या हातचे कामही आगीत गेले, असे त्यांचे म्हणणे. या तिसऱ्या प्रतिक्रियेचे बोट धरून मला पुढे जायचे आहे. वाडा जळाला याचे सुख मानावे की दुःख, या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे: असले वाडे नेमके कोणाचे, आणि त्यांची गोष्ट सांगायची कोणी?

मी या विषयाकडे वळले ती महात्मा फुल्यांच्या एका अर्पणपत्रिकेमुळे. १८७३ साली निघालेले ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल. ही अर्पणपत्रिका आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. तिच्या पलीकडच्या टोकाला काय होते हे पाहायला मात्र सहसा कोणी जात नाही. पुढे मुंबईच्या कापूस-व्यापारासंबंधी वाचताना दुसरा धागा हाती आला. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमातून येत असे. १८६१ साली युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचे वेड शिरले. १८६५ साली युद्ध संपताच ते उतरले आणि पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर ही त्या तेजीची मुंबईतली खूण. त्याही आधी, १८४० मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून दहा मळेवाले पगारी नोकरीवर हिंदुस्थानात आणले होते, इथल्या रयतेला कापूस कसा पिकवावा हे शिकवायला. त्यांना तिकडे तो कोण पिकवून देत होते, हे त्यांच्या करारात अर्थातच नव्हते.

या दोन धाग्यांमागे जात दोन खेपांत मी मिसिसिपीकाठचे आणि पूर्व किनाऱ्यावरचे काही वाडे पाहिले. इथे लिहिते आहे ते मुख्यतः नदीकाठच्या वाड्यांविषयी.

आधी शब्दांविषयी थोडे. ‘प्लँटेशन’ला आपण मळा म्हणतो आणि तिथेच थोडी फसगत होते. मराठीत मळा म्हटले की विहीर, मोट, भाजीचे वाफे आणि आंब्याचे झाड डोळ्यांपुढे येते. प्लँटेशन हा प्रत्यक्षात शेतावर उभारलेला कारखाना होता: एकच पीक, दूरची बाजारपेठ, डोईवर कर्ज आणि विकत घेतलेले मजूर. मालकाच्या घराला गुलाम ‘बिग हाऊस’ म्हणत. त्यासाठी मी ‘वाडा’ हा शब्द वापरते आहे. तो दर पिढीच्या मराठी माणसाला वेगळा ऐकू येतो, आणि वाड्याच्या दिंडीतून आत कोण शिरे आणि मागच्या दाराने कोण, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून तो चालेल.

न्यू ऑर्लिन्सपासून वर बॅटन रूजपर्यंत नदीच्या दोन्ही तीरांनी जो रस्ता जातो त्याला रिव्हर रोड म्हणतात. फ्रेंचांनी इथली जमीन मोजली ती नदीला काटकोनात, लांबट पट्ट्यांत. वाहतूक सगळी नदीतून, म्हणून प्रत्येकाला थोडा तरी काठ हवा. काठावर वाडा, त्याचे तोंड नदीकडे. मागे स्वयंपाकघर आणि तबेला. त्यामागे दोन ओळींत गुलामांच्या खोल्या. मग साखरेचे घर, मग ऊस, आणि शेवटी दलदल. प्रवासी बोटीतून येई तेव्हा त्याला पांढरे खांब दिसत. बाकीचे सगळे त्या खांबांच्या मागे.

लुइझियानाचा ऊस हे कापसाहूनही जीवघेणे प्रकरण होते. या पट्ट्यात थंडीत हिमकडा पडतो, त्यामुळे ऊस पुरता पिकू द्यायचा आणि कडा पडण्याआधी तोडून गाळून टाकायचा. ऑक्टोबर ते डिसेंबर रात्रंदिवस पाळ्या चालत. साखरेच्या घरात लोखंडी कढया मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने बसवलेल्या असत. उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत न्यायचा. आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीची ही थोरली बहीण. ज्याने गुऱ्हाळावर एक रात्र काढली आहे त्याला त्या वाफेची आणि अंगावर उडणाऱ्या थेंबांची कल्पना येईल. तसल्या तीन महिन्यांची येणार नाही. ऊस-पट्ट्यात गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असत. मळेवाले मुद्दाम तरुण पुरुष विकत घेत, ते खपले की नवे आणत. १८०८ साली आफ्रिकेतून गुलाम आणायला कायद्याने बंदी झाली, तरी देशांतर्गत विक्री जोरात राहिली. व्हर्जिनिया-मेरिलँडसारख्या जुन्या राज्यांतून पुढच्या अर्धशतकात सुमारे दहा लाख माणसे खाली दक्षिणेत नेली गेली, त्यांतली बहुसंख्य विकून. न्यू ऑर्लिन्स हा त्या व्यापाराचा सर्वांत मोठा बाजार. नदीच्या खालच्या अंगाला विकले जाणे हा इंग्रजीत घात होणे या अर्थाचा वाक्प्रचार बनला, तो इथूनच.

आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांशी याची तुलना करण्याचा मोह होतो. मी तो आवरते. उचलीखाली दबलेल्या कोयत्याचे दुःख खरे आहे, पण त्याचे मूल जन्मतःच मुकादमाच्या मालमत्तेत जमा होत नाही.

एक दुवा मात्र थेट आपल्या कारखान्यांपर्यंत येतो. १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला नॉर्बर्ट रिल्यू हा गोऱ्या बापाचा आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय आईचा मुलगा. पॅरिसमध्ये तो शिकला, तिथेच शिकवू लागला. एका भांड्यातल्या रसाची वाफ पुढच्या भांड्यातला रस तापवायला वापरायची, आणि भांड्यांतला दाब कमी ठेवून रस कमी उष्णतेत उकळवायचा, अशी युक्ती त्याने बसवली. १८४३ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंधन वाचले, साखर गोरी झाली, उघड्या कढया आणि भाजणारे हात हळूहळू मागे पडले. प्रवरानगरपासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक साखर कारखान्यात रस आटवण्याची जी पात्रे ओळीने उभी दिसतात त्यांचे तत्त्व हेच. या शोधाने मळेवाले आणखी श्रीमंत झाले आणि अधिक ऊस लावू लागले, हीही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. रिल्यू अखेर पॅरिसला निघून गेला आणि तिथेच १८९४ मध्ये वारला.

जुन्या कढया आज पाहायच्या असतील तर वाड्यांच्या हिरवळीवर पाहाव्यात. त्यांत पाणी भरून कमळे सोडलेली असतात.

ही कमळे कशी उगवली, हा इतिहासाचा स्वतंत्र भाग आहे. युद्धानंतर बहुतेक वाडे मोडकळीला आले होते. त्यांचा पुनर्जन्म विसाव्या शतकात, महामंदीच्या दिवसांत झाला. १९३२ साली मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावच्या उद्यानप्रेमी महिला मंडळाने आपापले वाडे प्रवाशांसाठी उघडले. घेरदार झगे घालून यजमानीण दारात उभी, आत चांदीची भांडी, झुंबरे आणि पूर्वजांची तैलचित्रे. या उपक्रमाचे नाव त्यांनी ‘यात्रा’ या अर्थाचे ठेवले, पिल्ग्रिमेज, आणि ते अगदी बरोबर होते. १९३६ साली मार्गारेट मिचेलची ‘गॉन विथ द विंड’ आली, १९३९ साली चित्रपट. चित्रपटातला टारा नावाचा वाडा कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभारलेला देखावा होता. पण पुढे प्रवासी खऱ्या वाड्यांत येऊन टाराच शोधू लागले, आणि वाडे टारासारखे दिसायला शिकले.

याचा सर्वांत बोलका पुरावा दक्षिण कॅरोलायनात, चार्ल्सटनजवळच्या बून हॉलवर मिळतो. तिथे ओक वृक्षांची लांब रांग आहे, रांगेच्या टोकाला पांढऱ्या खांबांचा वाडा आहे आणि वाटेत एका बाजूला विटांच्या नऊ खोल्या. पाहुण्याला वाटते वाडा जुना. वाडा १९३६ चा आहे. मळा विकत घेतलेल्या एका कॅनेडियन गृहस्थाने जुने घर पाडून तो बांधला. गुलामांच्या नऊ खोल्या मात्र अस्सल, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावरच्या. लोक फोटो काढतात ते नकलेचे. चार्ल्सटनच्या परिसरातल्या जुन्या विटांत कधीकधी बोटांचे ठसे सापडतात. ओल्या विटा उचलून ठेवणाऱ्या गुलामांचे ते, आणि काही ठसे इतके लहान की ती मुले होती यात शंका राहत नाही.

याच बून हॉलवर २०१२ साली ब्लेक लाइव्हली आणि रायन रेनल्ड्स या सिनेतारकांचे लग्न झाले. २०२० मध्ये रेनल्ड्सने त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्याआधी, २०१९ च्या अखेरीस, ‘कलर ऑफ चेंज’ या संघटनेच्या मागणीवरून पिंटरेस्ट आणि ‘द नॉट’ या संकेतस्थळांनी मळ्यांवरच्या लग्नांची जाहिरातबाजी आवरती घेतली. लग्ने थांबली नाहीत. ज्या खोल्यांत राहणाऱ्यांच्या लग्नाला कायद्याने मान्यताच नव्हती आणि नवरा-बायकोला वेगवेगळे विकता येत होते, त्या खोल्यांच्या साक्षीने सप्तपदी घालावी असे कोणाला का वाटते, हे मला उमजत नाही. वर पुष्कळदा जागेविषयी काहीच माहीत नसते, हे उत्तर मिळते, आणि ते खरेही असावे.

माहीत का नसते? जेनिफर आइकस्टेट आणि स्टीफन स्मॉल या दोन समाजशास्त्रज्ञांनी व्हर्जिनिया, जॉर्जिया आणि लुइझियाना या राज्यांतली १२२ मळा-संग्रहालये पाहून २००२ साली एक पुस्तक लिहिले. बहुसंख्य ठिकाणी गुलामांचा उल्लेख टाळलेला, नाहीतर जाता जाता केलेला. त्यांनी वाटाड्यांच्या व्याकरणाकडेही लक्ष दिले. मालक वाडा ‘बांधतो’, मालकीण बाग ‘फुलवते’. आणि जिथे खरा राबणारा हात येतो तिथे वाक्य कर्मणी होते: शेते नांगरली गेली, जेवण वाढले गेले. कर्ता गळून पडतो. अगदीच नाव घ्यायची वेळ आली तर ‘नोकर’. हे वाचल्यापासून मी मराठी पर्यटन-पुस्तिकाही कर्ता शोधत वाचते, आणि गडांच्या तटबंद्या व वाड्यांचे सज्जे आपोआप ‘बांधण्यात आलेले’ सापडतात.

हे गाळणे नुसते भाषेत नव्हते, दगड-विटांतही होते. व्हर्जिनियात थॉमस जेफर्सनचे मॉन्टिसेलो आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यात ६०० हून अधिक माणसांना गुलामीत ठेवले. त्याच्या भोजनगृहात एक फिरते दार आहे, त्याच्या मागच्या बाजूला फळ्या. गुलामाने बाहेरून ताटे मांडायची, दार फिरवायचे. ताटे आत, माणूस बाहेर. तळघरातून दारूच्या बाटल्या वर येतात त्या शेकोटीच्या बाजूला दडवलेल्या छोट्या पाळण्यातून. स्वयंपाकघर, कोठ्या आणि नोकरचाकरांचे रस्ते टेकडीच्या उतारात दडवलेले. पाहुण्यांना ही कल्पक यंत्रे वाटत, आजही वाटतात. माझ्या मते त्या घरातली ती सर्वांत खरी वस्तू आहे, कारण घरमालकाला काय पाहायचे नव्हते ते ती दाखवते. १८२६ साली जेफर्सन वारला तो कर्जात बुडून, आणि पुढल्या जानेवारीत त्याच्या वाड्यासमोर १३० माणसांचा लिलाव झाला. त्याच्या मुलांची आई असलेली सॅली हेमिंग्ज ज्या भागात राहत असावी तिथे १९४१ साली पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले होते. १९९८ च्या डीएनए चाचणीनंतर मॉन्टिसेलोच्या संस्थेने ते नाते मान्य केले, आणि २०१८ मध्ये त्या जागी तिच्यावरचे दालन उघडले.

आता मूळ प्रश्नाकडे. ज्यांना लिहू-वाचू देणे हाच बहुतेक दक्षिणी राज्यांत गुन्हा होता, त्यांची गोष्ट आणायची कोठून? उत्तर विचित्र आहे: मालकांच्याच दप्तरातून. ओक अ‍ॅली हा रिव्हर रोडवरचा सर्वांत प्रसिद्ध वाडा. वाड्यापासून नदीकडे २८ प्रचंड ओक वृक्ष दोन रांगांत जातात. मालक झाक तेलेस्फोर रोमाँ १८४८ साली वारला तेव्हा वारसांसाठी मालमत्तेची यादी केली गेली. तिच्यात भांडी, गुरे, अवजारे यांच्याबरोबर माणसे: नाव, वय, काम, किंमत. त्या यादीत अंत्वान नावाचा एक माळी आहे. वय ३८, किंमत १,००० डॉलर, आणि शेरा असा की पेकनच्या झाडांवर कलम बांधण्यात तरबेज. पेकन हे अक्रोडाच्या कुळातले फळ. त्याच्या चांगल्या झाडाचे बी लावले तर तसेच फळ येईल याची खात्री नसते, आणि त्यावर कलम बांधण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात अंत्वानने १६ झाडांवर कलमे बांधली आणि ती जगली. पातळ कवचाचे, हाताने फुटणारे पेकन. त्यातून बाग वाढली. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात मळ्याच्या नंतरच्या मालकाने ती फळे मांडली, बक्षीस मिळाले आणि वाणाला ‘सेंटेनियल’ नाव पडले. अमेरिकेतल्या व्यापारी पेकन-लागवडीचा उगम इथे धरतात. अंत्वानचे आडनाव त्या यादीत नाही, आणि त्याची बाग पुढे उसासाठी तोडली गेली. ओकांच्या रांगेखाली आज मिंट घातलेल्या मद्याचे पेले विकत मिळतात. मागे, पुन्हा बांधलेल्या गुलामांच्या खोल्यांत, एका भिंतीवर अंत्वान आणि इतरांची नावे आहेत. पाहुणे दोन्हीकडे जातात. किती मिनिटे कुठे, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

अशा याद्या एकेक करून गोळा करण्याचे काम ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी केले. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीतल्या नोटरींना बारीक नोंदी ठेवायची सवय होती. इंग्रजी वसाहतींत गुलामाचे नुसते नाव लिहीत. लुइझियानात तो बांबारा, वोलोफ, काँगो यांपैकी कुठल्या समाजाचा, कोणते काम येते, कधी पळाला होता, हेही लिहीत. हेतू किंमत ठरवण्याचा. हॉल बाईंनी कचेऱ्यांमधली ही दप्तरे वर्षानुवर्षे उपसून एक लाखाहून अधिक माणसांच्या नोंदी संगणकावर आणल्या. मोडी दप्तरांत बसून कारभाऱ्याच्या जमाखर्चातून बलुतेदाराचा इतिहास काढणाऱ्या आपल्या संशोधकांना या कामाची जात वेगळी वाटणार नाही.

ती नावे दगडावर वाचायची असतील तर व्हिटनीला जावे. १७५२ साली एका जर्मन स्थलांतरिताने वसवलेला हा मळा. १९९० च्या सुमारास तो फोर्मोसा या तैवानी रसायन कंपनीने रेयॉनच्या कारखान्यासाठी घेतला. वारसाप्रेमींना शांत करायला कंपनीने जागेच्या इतिहासाचा तपशीलवार अभ्यास करून घेतला. विरोधामुळे कारखाना बारगळला. न्यू ऑर्लिन्सच्या जॉन कमिंग्ज या श्रीमंत वकिलाने जमीन घेतली, त्याबरोबर तो अभ्यास आला, आणि तो वाचून त्याला आपण काय विकत घेतले आहे ते कळले. सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांना बरोबर घेऊन त्याने पदरचे ऐंशी लाखांहून अधिक डॉलर खर्चले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये व्हिटनी उघडले ते पूर्णपणे गुलामांच्या बाजूने सांगणारे संग्रहालय म्हणून. एका गोऱ्या माणसाने हे का करावे, अशी टीका झाली. ती गैर नव्हती. २०१९ मध्ये कमिंग्जने सगळे एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केले.

व्हिटनीत सुरुवात वाड्यापासून होत नाही. आधी मुक्त झालेल्यांचे एक जुने लाकडी चर्च, त्यात मुलांचे पुतळे. मग ग्रॅनाइटच्या भिंती. हॉल बाईंच्या नावाने केलेल्या भिंतींच्या रांगांवर १,०७,००० नावे कोरली आहेत. पुष्कळ नावे मालकांनी गमतीने ठेवलेली, रोमन सेनापतींची, ग्रीक देवांची. मध्येच एखादे आफ्रिकी नाव टिकून राहिलेले दिसले की बोट तिथे थांबते. पुढे लहान मुलांचे स्मारक आहे: १८२३ ते १८६३ या चाळीस वर्षांत त्या एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्यात, गुलामीत मेलेली २,२०० मुले. तिथल्या पाट्या मी पुऱ्या वाचू शकले नाही. वाडा सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर तो लहान वाटू लागतो.

जवळच १८११ च्या उठावाचे स्मारक आहे. ८ जानेवारी १८११ च्या रात्री आंद्रीच्या मळ्यावर तो सुरू झाला. म्होरक्या चार्ल्स डेलाँड हा गुलामांवर नेमलेला गुलाम मुकादम, म्हणजे मालकाच्या सर्वांत विश्वासातला माणूस. कोयते-कुऱ्हाडी घेऊन शेकडो लोक न्यू ऑर्लिन्सकडे निघाले. तीन दिवसांत उठाव मोडला, आणि मारलेल्यांची मुंडकी नदीच्या बांधावर मैलोन्‌मैल खांबांवर टांगली. संख्येने पाहिले तर अमेरिकेतला हा सर्वांत मोठा गुलामांचा उठाव. शालेय पुस्तकांत त्याला दीर्घकाळ जागा नव्हती.

मुक्तीची तारीखही इथे सरळ नाही. १ जानेवारी १८६३ च्या लिंकनच्या जाहीरनाम्याने गुलाम मुक्त झाले, असे आपण वाचतो. त्या जाहीरनाम्यात लुइझियानाचे तेरा पॅरिश नावे घेऊन वगळलेले आहेत, कारण ते आधीच उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात होते आणि तिथल्या मळेवाल्यांना दुखवायचे नव्हते. व्हिटनी आणि ओक अ‍ॅली त्या वगळलेल्या पट्ट्यात येतात. तिथल्या माणसांची सुटका १८६४ च्या राज्यघटनेने झाली. सुटका म्हणजे काय? जमीन मिळाली नाही. तीच खोली, तोच ऊस, आता मजुरी. आणि मजुरी पुष्कळदा मळ्याच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत. १८८७ मध्ये सुमारे दहा हजार ऊसमजुरांनी रोख मजुरीसाठी ऐन हंगामात संप केला, तेव्हा थिबोडो गावात किमान तीस जणांना गोळ्या घातल्या गेल्या. फुल्यांचे पुस्तक निघाले त्या १८७३ सालीच, ईस्टरच्या दिवशी, याच राज्यातल्या कोलफॅक्सला साठांहून अधिक कृष्णवर्णीय माणसे मारली गेली. निवडणुकीचा निकाल मान्य करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणून मी ती अर्पणपत्रिका अलीकडे वेगळी वाचते. फुल्यांनी गौरव केला तो एका कृतीचा, आणि ती कृती त्या वेळी अर्ध्यावर होती.

नदीला काटकोनातले ते लांबट पट्टे विसाव्या शतकात पुन्हा उपयोगी पडले. सलग जमीन, नदीचा काठ, मालक एकच: तेल आणि रसायनांच्या कंपन्यांना आणखी काय हवे? आज न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज या पट्ट्यात दीडशेच्या आसपास कारखाने आहेत, आणि त्याला लोक ‘कॅन्सर अ‍ॅली’ म्हणतात. वाड्याच्या सज्जातून एका बाजूला ओक दिसतात, दुसऱ्या बाजूला धुराडी. मधल्या वस्त्यांत मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज राहतात, आणि काही कारखान्यांच्या कुंपणाआड त्यांच्या पूर्वजांची बिनखुणेची दफनस्थळे आहेत. वाड्यांना वारसा म्हणून संरक्षण सहज मिळते. या दफनांसाठी आधी ती आहेत हे सिद्ध करावे लागते.

म्हणून नॉटोवेच्या आगीने मला आनंद झाला नाही. बहुतेक मळ्यांवर गुलामांच्या खोल्या केव्हाच कोसळल्या, त्यांची बातमी कोणी छापली नाही. इव्हर्ग्रीन मळ्यावर मूळच्या २२ खोल्या ओळीने उभ्या आहेत हे अपूर्व मानले जाते, ते त्यामुळेच. जिथे खोल्या नाहीत तिथे वाडा हाच उरलेला कागद असतो, आणि त्यावरचे अक्षर मालकाचे नसून सुताराचे, गवंड्याचे असते. आनंद मानणाऱ्यांचा राग मला कळतो. त्यांना तो कागद कधी वाचूच दिला नव्हता. आणि वाचू देण्याची मुदत किती, तेही नक्की नाही. मार्च २०२५ मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशाचा रोख असा की, संघराज्य सरकारच्या संग्रहालयांतली आणि स्मारकांवरची, देशाला कमीपणा आणणारी मांडणी दूर करावी. हे वाडे बहुतांशी खासगी किंवा विश्वस्त संस्थांचे आहेत, पण वारा त्यांनाही लागतो.

वारसांनी वाट पाहायचे सोडले आहे. व्हर्जिनियात जेम्स मॅडिसनच्या माँटपेलियर या वाड्यावर गुलामांच्या वंशजांनी कारभारात बरोबरीचा वाटा मागितला. कबूल केलेला वाटा २०२२ मध्ये आधी नाकारला गेला, मग गदारोळानंतर त्याच वर्षी त्यांना मिळाला. रिव्हर रोडवर जॉय आणि जो बॅनर या जुळ्या बहिणींनी ‘डिसेंडंट्स प्रोजेक्ट’ ही संस्था काढली. त्यांच्या वॉलेस या गावात धान्य चढवण्याचा एक अवाढव्य तळ होणार होता. त्याच्याशी त्या काही वर्षे भांडल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने माघार घेतली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या संस्थेने नदीच्या पलीकडच्या तीरावरचा एक जुना वाडा विकत घेतला होता. त्याचे नाव वुडलँड. तोच आंद्रीचा मळा, जिथून १८११ च्या त्या रात्री लोक बाहेर पडले. खरेदीखतावर आता वंशजांच्या संस्थेचे नाव आहे.